जाकीट दिसतं, टोपी नडते

रस्त्याच्या कामावरची पावसाळी जाकिटं निवडण्याची एक ठरलेली पद्धत आहे. ती एप्रिलमध्ये, एसी लावलेल्या खोलीत, जन्मात कधी चिखलात न उतरलेल्या माणसानं निवडायची. आणि जुलैमध्ये, घाटाच्या वळणावर, डोक्यावर हेल्मेट आणि हातात लाल झेंडा घेतलेल्या माणसानं ती घालायची. या दोघांची गाठ पडू नये याची काळजी कंपनी घेते. पडलीच तर पुढच्या वर्षीचं कोटेशन वाढतं.

बाकी साइटवर सगळं कागदावर ठरलेलं असतं. खडी किती मिलिमीटरची, सिमेंट कुठल्या ग्रेडचं, रोलरच्या फेऱ्या किती, सगळे आकडे टेंडरात छापलेले. जाकिटाच्या रकान्यात मात्र एकच ओळ: 'टोपीसह रिफ्लेक्टिव्ह जाकीट, चांगल्या प्रतीचे.' या 'चांगल्या प्रती'त कोकणातला अख्खा पावसाळा मावायचा असतो. तो मावत नाही, म्हणूनच जाकिटातून आत येतो.

तसं बघायला गेलं तर हे जाकीट हल्ली कुणाच्या अंगावर नाही? मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये शिट्टी फुंकणारा, विसर्जन मिरवणुकीत दोरी धरणारा मंडळाचा कार्यकर्ता, सोसायटीचा वॉचमन, टोलनाक्यावर रांगा लावणारा पोरगा. अंगात पोपटी जाकीट चढवून तळहात पुढे केला की करोडोंची गाडीसुद्धा मुकाट्यानं थांबते. तोच माणूस जाकीट काढून उभा राहिला, तर याला लिफ्ट हवी आहे असं समजून लोक गाडी जास्तच जोरात पळवतात. सरकारी शिक्का नाही, ओळखपत्र नाही. दीडशे-दोनशे रुपयांत एवढा अधिकार दुसरा कुठला कपडा देत नाही.

साइटवरचं सर्वांत उत्तम जाकीट मात्र तिथे राबणाऱ्या कुणाकडेच नसतं. ते स्टोअरच्या लोखंडी कपाटात, कुलपात असतं, आणि पाहणी दौऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी बाहेर निघतं. फोटो नीट बघितलात तर कळेल: पाहुण्यांच्या जाकिटावर कारखान्यातल्या घड्या तशाच उमटलेल्या असतात आणि हेल्मेटच्या आतल्या पट्ट्याचं प्लास्टिकही निघालेलं नसतं. दौरा आटोपला की स्टोअरकीपर ती जाकिटं मोजून घेतो, झटकतो आणि पुन्हा कपाटात ठेवतो. पाऊस आला की दौरा रद्द होतो. त्यामुळे साइटवरच्या सर्वांत चांगल्या पावसाळी जाकिटानं आजवर पाऊस पाहिलेला नसतो.

अशा झळझळीत जाकिटांची सुरुवातही पावसाळी मुलखातच झाली. १९६४ साली स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोतल्या विजेवर चालणाऱ्या रेल्वेमार्गावर, रुळांवर काम करणाऱ्यांना पहिल्यांदा झळझळीत केशरी जाकिटं दिली. त्यांना नाव होतं 'फायरफ्लाय', म्हणजे आपला काजवा. वाफेचं इंजिन धापा टाकत, धूर सोडत, चार मैलांवरून वर्दी देत यायचं. विजेची गाडी न सांगता येते, आणि ड्रायव्हरला रुळावरचा माणूस लांबूनच दिसला तरच काही उपयोग. तो झळझळीत रंग त्याच्याही आधी अमेरिकेत सापडला होता. बॉब स्विट्झर नावाच्या तरुणाला १९३३ साली कामावर अपघात झाला, डोक्याला मार लागला, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्याला अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यायला सांगितली. तिथे तो आणि त्याचा भाऊ जो यांनी अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रसायनांशी खेळ सुरू केला. जो हौशी जादूगार होता, त्याला हे सगळं रंगमंचावरच्या जादूसाठी हवं होतं. म्हणजे आमच्या साइटवरच्या मुकादमाच्या अंगावरचा रंग मुळात प्रेक्षकांना चकित करण्यासाठी जन्माला आला. कोकणातल्या रस्त्यावर खड्डा चुकवत आलेला ड्रायव्हर वळणावर एकदम मुकादम बघतो, तेव्हा तो हेतू अजूनही सफळ होतो.

फ्रान्समध्ये तर या जाकिटावरून सरकारची झोप उडाली. २००८ पासून तिथे प्रत्येक गाडीत असं पिवळं जाकीट ठेवणं सक्तीचं झालं. २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनावरच्या कराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, ते तीच जाकिटं घालून. मोर्चाचा गणवेश सरकारनंच दहा वर्षं आधी घरोघर पोचवून ठेवलेला! आपल्याकडे मोर्चाला टोप्या आणि गमछे वाटावे लागतात, त्याचा खर्च वेगळा.

आता जाकीट निवडायच्या आमच्या मीटिंगकडे येतो. पहिला प्रश्न रंगाचा.

शास्त्र असं सांगतं की दिवसाच्या उजेडात माणसाच्या डोळ्याला सर्वांत तीव्र जाणवतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळट हिरवा. म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या कामाला पोपटी जाकीट. ब्रिटनच्या रेल्वेवर मात्र अजून केशरी. हे शास्त्र ज्या शास्त्रज्ञांनी लिहिलं त्यांनी आषाढातलं कोकण पाहिलेलं नसावं. इथे डोंगर पोपटी, भात पोपटी, गटाराच्या कडेचं गवत पोपटी, विजेच्या खांबावर चढलेला वेल पोपटी. त्यात पोपटी जाकीट घातलेला माणूस उभा केला की तो दिसत नाही, उगवतो. मग केशरी घ्यावं? तर खाली तांबडी माती, जांभ्याचा चिरा, आणि शेजारी केशरी शंकूंची रांग. वाकलेला माणूस लांबून शंकूच वाटतो. पिवळं घ्यावं तर जेसीबीत मिसळतो.

"मग केशरीच घेऊ या," सेफ्टीवाले साहेब म्हणाले.

खोलीत शांतता पसरली. स्थानिक कामं बघणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी खाकरले. "नाही, घ्यायला हरकत नाही. पण रस्ता पाच ग्रामपंचायतींतून जातो. निवडणुका तोंडावर आहेत."

"मग हिरवट घेऊ."

"तेही चालेल. पण मग दुसऱ्या बाजूच्या पाच ग्रामपंचायती."

हा प्रश्न शेवटी शास्त्रानंच सोडवला, तोही अर्धाच. संध्याकाळ उतरायला लागली की माणसाचा डोळा तांबड्या रंगाला आधी सोडतो आणि हिरव्याला उशिरापर्यंत धरून ठेवतो. म्हणजे भरदिवसा हिरवाईत केशरी चांगलं, कातरवेळी पोपटी चांगलं. तेव्हा वर पोपटी आणि खाली केशरी असं दोन रंगांचं जाकीट घ्यावं असं ठरलं. मीटिंगच्या इतिवृत्तात त्याचा उल्लेख 'युती मॉडेल' असा झाला आणि त्यावर कुणीच हरकत घेतली नाही. ही सगळी चर्चा निव्वळ तात्त्विक आहे हे सांगायला मुकादम तिथे नव्हता. तो असता तर म्हणाला असता की तिसऱ्या दिवशी दोन्ही रंग मातीचेच होतात. ते खरंच आहे. झळाळी येते ती कापडातलं रसायन न दिसणारे अतिनील किरण शोषून दिसणारा उजेड बाहेर टाकतं म्हणून. वर मातीचा थर बसला की किरण आतही जात नाहीत आणि उजेड बाहेरही येत नाही. मग उरतो तो साधा मळका कपडा, टोपीसकट.

रात्री या रंगाचा उपयोग शून्य. हेडलाइटमध्ये अतिनील किरण नसल्यातच जमा. रात्री काम करते ती रेडियमची पट्टी. सगळी साइट तिला रेडियमच म्हणते. आत रेडियमचा कणही नसतो, असतात ते काचेचे सूक्ष्म मणी. हेडलाइटचा उजेड ज्या दिशेनं आला त्याच दिशेनं हे मणी तो परत पाठवतात. त्यामुळे पट्टी लखलखते ती फक्त ड्रायव्हरला; शेजारी उभ्या माणसाला ती राखाडी चिंधीच दिसते. विक्रेत्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक असते आणि खरेदी करणाऱ्यांना ठाऊक नसते, यावर मोठा धंदा चालतो. चंदेरी चकचकीत कापडाची पट्टी लावायची, ट्यूबलाइटखाली हलवून दाखवायची, आणि "बघा साहेब, काय चमक आहे!" म्हणायचं. चमक असते, पण ती लग्नातल्या शालूच्या जरीला असते तशी, सगळ्यांना सारखी. ड्रायव्हरला वेगळी नाही. खरी पट्टी ओळखायची तर खोलीतले दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च आपल्या कानशिलाला लावा आणि आठ-दहा पावलांवरून जाकिटाकडे बघा. पेटल्यागत उजळली तर ती खरी. टॉर्च हात लांब करून धरलात की तीच पट्टी विझायला हवी. आणि हे सगळं एकदा पट्टीवर पाणी मारून करा, कारण उघड्या मण्यांची स्वस्त पट्टी ओली झाली की मंदावते. पावसाळी जाकिटाची पट्टी पावसात मंदावते हा विनोद मी केलेला नाही, तो बाजारात विकत मिळतो.

आमच्याकडे आलेल्या विक्रेत्याला मी विचारलं, "स्टँडर्ड कुठलं?"

"एकदम स्टँडर्ड, साहेब!"

"तसं नव्हे. आयएस १५८०९ आहे का? आयएसओ २०४७१ चा कुठला वर्ग?"

"टाइप आहे साहेब. आयएसओ टाइप."

हा 'टाइप' आपल्या बाजारपेठेचा कणा आहे. लेदर टाइप, सागवान टाइप, हापूस टाइप. आयएसओ २०४७१ मध्ये सगळं चौरस मीटरमध्ये मोजलेलं आहे. दुसऱ्या वर्गाच्या जाकिटाला अर्धा चौरस मीटर झळझळीत कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी. तिसऱ्या वर्गाला ०.८० आणि ०.२०, शिवाय बाह्यांवर किंवा पँटीवर पट्ट्या हव्यातच, नुसत्या बंडीनं भागत नाही. पट्टीची रुंदी पन्नास मिलिमीटरच्या खाली नको. बाह्यांवर पट्टी कशाला, असं परचेसवाल्या साहेबांनी विचारलं, कारण मीटरमागे पैसे पडतात. छातीवर नुसती आडवी पट्टी असली की रात्री ड्रायव्हरला ती बॅरिकेडची वाटते. हातापायांवरच्या पट्ट्या चालताना हलल्या की डोळ्याला लगेच कळतं, हा माणूस आहे. साहेबांना हे पटलं. मग त्यांनी विचारलं, "एकाच हाताला लावली तर?"

शिवाय कंपनीचं नाव. पाठीवरचं सगळ्यात मोठं झळझळीत कापड कंपनीच्या नावासाठीच ईश्वरानं राखून ठेवलं आहे अशी प्रत्येक कंपनीची श्रद्धा असते. आमच्या नमुन्यावर निळ्या रंगात कंपनीचं नाव, खाली बोधचिन्ह, त्याखाली 'सुरक्षा प्रथम' आणि उरलेल्या जागेत जाकीट होतं.

पण हे रंग, पट्ट्या, चौरस मीटर सगळं एकीकडे. खरं महाभारत टोपीचं.

ज्यानं जाकिटाला टोपी जोडली आणि जाकीट घालणारा माणूस वर हेल्मेटही घालणार आहे हे ज्याला माहीत होतं, ते दोघे एक इसम नसावेत. टोपी हेल्मेटच्या आतून घ्यायची की बाहेरून, यावर आमच्या साइटवर दोन पंथ आहेत आणि दोन्ही पंथांचे लोक भिजलेले असतात.

आतून घेणाऱ्यांचं म्हणणं, वरून हेल्मेट बसलं की टोपी उडत नाही. खरं आहे, त्याऐवजी हेल्मेट उडतं. हेल्मेटच्या आत डोक्याभोवती पट्ट्यांची झोळी असते, ती डोक्याला घट्ट बसली तरच वरचा मार झेलते. मध्ये जाड टोपी आली की पट्टा सैल करावा लागतो. मग माणूस लेव्हल घ्यायला वाकला की हेल्मेट पुढच्या गटारात पडतं आणि पाण्याबरोबर मोरीपर्यंत निघून जातं. ते आणायला दुसरा माणूस धावतो, त्याचंही हेल्मेट सैलच असतं.

बाहेरून घेणाऱ्यांना टोपी मोठी लागते. हेल्मेटवरून येईल एवढी टोपी शिवली, की हेल्मेट काढल्यावर ती थेट हनुवटीपर्यंत उतरते. जेवायच्या सुट्टीत आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी बिनचेहऱ्याची माणसं डबा खात बसलेली असत. याहून मोठी भानगड हेल्मेटच्या रंगाची. पांढरं हेल्मेट इंजिनिअरचं, पिवळं कामगाराचं, ही साइटवरची वर्णव्यवस्था. टोपीखाली सगळे एकच. एकदा धो-धो पावसात मुकादमानं मागून येऊन एका टोपीवाल्याला फर्मावलं, "ए, उभा काय ऱ्हायलास बुजगावण्यावानी? पाइप उचल!" टोपीच्या आत प्रोजेक्ट मॅनेजर होते. त्यांनी पाइपचं एक टोक उचललं, हे त्यांचं मोठेपण. दुसरं टोक उचलताना मुकादमानं त्यांचा बूट ओळखला आणि पुढचे दोन दिवस तो समोरून येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी चहावाल्या पोरालाही, "साहेब" म्हणत होता.

झेंडेवाल्याची तऱ्हा आणखी वेगळी. वळणावर उभं राहून त्याला सारखं डावीकडे-उजवीकडे बघायचं असतं. तो मान फिरवतो, टोपी फिरत नाही. वरच्या बाजूनं ट्रक येतोय का हे बघायला तो वळतो आणि त्याला टोपीचं अस्तर दिसतं. अस्तर मोकळं असल्यामुळे तो हिरवा झेंडा दाखवतो. म्हणून माझं पहिलं मत: टोपी चढवून मान खांद्यापर्यंत वळवा. स्वतःचा खांदा दिसला पाहिजे. अस्तर दिसलं तर ते जाकीट, फुकट दिलं तरी, परत करा.

आणि कान. कोटिंगच्या कापडावर पावसाची तडतड कानाशी सुरू झाली की बाहेरचं काही ऐकू येत नाही. डंपर मागे येताना वाजणारं 'टीं टीं' तर नाहीच. इथे विनोद थांबवतो. रस्त्याच्या कामावर मागे येणाऱ्या गाडीइतकं भय दुसऱ्या कशाचं नाही, आणि ड्रायव्हरला मागचं दिसत नसताना मागच्याला पुढचं ऐकूही येत नसेल तर अंगावर कितीही चौरस मीटर कापड असो, त्याचा उपयोग नाही. आमच्या मुकादमाचा याबाबतीत साधा कायदा होता: गाडी रिव्हर्स घेताना आसपास कुणाची टोपी वर दिसली तर गाडी जागच्या जागी बंद. "भिजला तर वाळंल," असं तो म्हणायचा, आणि वाक्याचा दुसरा अर्धा म्हणायचा नाही.

टोपी मागे टाकली तरी सुटका नाही. मागे टाकलेल्या टोपीत पाणी साठतं. पावसाची दुसरी सर आली म्हणून माणूस घाईनं टोपी वर ओढतो आणि ते सगळं साठवण एका दमात मानेवरून मणक्यानं कमरेपर्यंत जातं. घाटात दुपारी ऐकू येणाऱ्या बऱ्याच आरोळ्यांचं कारण हे असतं. शिवाय लोंबती टोपी मागची खांद्यावरची पट्टी झाकते, म्हणून टोपीच्या पाठीवरच एक पट्टी हवी, हे विक्रेत्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एक्स्ट्रा पडेल."

टोपीची नाडी हे स्वतंत्र प्रकरण. गळ्याशी लोंबणारी नाडी मिक्सर, पुली, ड्रिल अशा फिरत्या वस्तूंजवळ नेणं म्हणजे यमाच्या हातात दोरी देणं. चांगल्या जाकिटाला नाडी नसते, आतून इलॅस्टिक असतं. आणि टोपी प्रेसबटणांनी जोडलेली असते, म्हणजे कुठे अडकली तर टोपी जाते, गळा राहतो. नाड्या आम्ही पहिल्याच दिवशी काढायला लावल्या. त्या सगळ्यांनी आनंदानं काढल्या. पुढे महिनाभर साइटवरचे डबे, पालांचे कोपरे, सायकलींची कॅरिअर आणि एक बकरी याच नाड्यांनी बांधलेली होती.

प्रेसबटणांची उलट बाजू अशी, की निघणारी टोपी निघतेच. आठवड्याभरात निम्म्या जाकिटांच्या टोप्या गेल्या. शोध घेतल्यावर एक मोटरसायकलच्या सीटवर सापडली, एक जनरेटरच्या सायलेन्सरवर, एक पंक्चरवाल्याच्या रेडिओवर, आणि दोन-तीन लहान पोरांच्या डोक्यावर कुंची म्हणून. पोरांच्या डोक्यावरच्या आम्ही परत मागितल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्या टोप्या सर्वांत नीट बसल्या होत्या त्या तिथेच.

बायकांसाठी या जाकिटाचा विचार कुणीच केलेला नाही, हे वेगळं सांगायला नको. साडीवर पुरुषाचा फुलबाह्यांचा शर्ट, त्यावर जाकीट, डोक्यावर पदर, पदरावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. यात टोपी कुठे घालायची? आणि हेल्मेट? 'फ्री साइज' म्हणून आलेलं जाकीट एकीच्या गुडघ्याला आणि दुसरीच्या छातीला. सेफ्टीवाले साहेब समजावत होते, "मावशी, टोपी घातलीच पाहिजे." मावशींनी घमेलं त्यांच्या हातात दिलं, टोपी चढवली, मग डोकं पुढे केलं आणि म्हणाल्या, "आता ठेवा बगू कुटं ठेवता ते." साहेब ओलं काँक्रीट भरलेलं घमेलं धरून बराच वेळ उभे होते. त्या दिवसानंतर माल वाहायला ढकलगाड्या आल्या. जाकिटामुळे झालेली ती एकमेव यांत्रिक प्रगती.

आमच्या पूर्वजांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता, असं म्हणायचा मोह होतो. भात लावताना डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं इरलं: हात मोकळे, वाकलं तरी भिजत नाही, खालून वारं खेळतं. धनगराची घोंगडी खोळ करून डोक्यावरून घेतली की टोपीही झाली आणि कोटही. नाडी नाही, बटण नाही, साइजची कटकट नाही. घोंगडीत एक रेडियम तेवढं नव्हतं. ती काळी, रात्र काळी, आणि तेव्हा रस्त्यानं येणारी बैलगाडी माणसाला बघून आपली आपण थांबायची. आताची गाडी तसं करत नाही. म्हणून मुकादम कितीही म्हणाला की "साहेब, ह्यापरीस प्लास्टिकच्या कागदाची खोळ बरी," तरी ते ऐकता येत नाही.

मुकादमाच्या तक्रारीत तथ्य मात्र पुरेपूर आहे. "ह्ये घातलं की भायेरचा पाऊस आत येतो, अन् आतला घाम भायेर जात न्हाई. दोन्हीकडनं तेच पानी. मग घालायचं कशापायी?" कोकणातल्या दमट हवेत रबरी कोटिंगचा कोट घालून फावडं मारणाऱ्या माणसाला बाहेरून भिजला की आतून, हे सांगता येत नाही. काखेत हवेची भोकं, पाठीवर झाकणाखाली जाळी, एवढं असलं तरी बराच फरक पडतो. घाम बाहेर सोडणारं आणि पाणी आत न घेणारं कापडही मिळतं, पण त्याची किंमत सांगितल्यावर परचेसवाल्या साहेबांना घाम फुटला, आणि तो बाहेरही गेला, कारण त्यांच्या अंगात सुती शर्ट होता.

कामगारांना विचारलं तर त्यांची मागणी एकच निघाली: आत एक कोरडा खिसा. त्यात मोबाइल, तंबाखू-चुन्याची डबी आणि घडी करून ठेवलेली आठवड्याची हजेरीची चिठ्ठी राहिली पाहिजे. कुठल्याही मानकात न सापडणारी ही अट ज्या जाकिटानं पाळली ते जाकीट माणसं स्वतःहून घालत. बाकीची घालायला सेफ्टीवाल्यांना मागे लागावं लागे.

राहता राहिलं धुणं. जाकिटाच्या आत चिठ्ठी शिवलेली असते: कोमट पाणी, सौम्य साबण, ब्रश नको, पिळू नका, इस्त्री नको, उन्हात वाळवू नका, अमुक इतक्याच वेळा धुवा. ही चिठ्ठी ज्या हातांपर्यंत जाते ते हात जाकीट ओढ्यावर नेतात, दगडावर आपटतात, नारळाच्या काथ्यानं पट्टी घासतात, कारण पट्टी काळी पडली आहे आणि स्वच्छ माणसाला ते बघवत नाही. काचेचे मणी ओढ्यात जातात. तिथून बहुधा समुद्रात, आणि एखाद्या रात्री बोटीच्या दिव्यात माशांना दिसत असावेत. उरलेलं जाकीट वाळायला चुलीवरच्या दोरीवर जातं. पावसाळ्यात दुसरीकडे ते वाळणार कुठे? सकाळी ते घालून आलेला माणूस अंधारात दिसला नाही तरी वासावरून कळतो.

एवढं सगळं बघून माझा निकाल असा. टोपी बटणाची, नाडीविना, हेल्मेटच्या वरून जाणारी आणि मान वळली की बरोबर वळणारी. हेल्मेट काढल्यावर ती मागून आवळायला एक पट्टा. पट्ट्या बाह्यांवरही, दोन्ही बाह्यांवर. पाठीवर कंपनीचं नाव चार बोटांहून मोठं नको. आतला खिसा कोरडा. बायकांची मापं वेगळी. प्रत्येकाला दोन नग, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरं. रंग गावाला विचारून नव्हे, ज्या रस्त्यावर उभं राहायचं तिथली झाडं, माती आणि यंत्रं बघून. हे सगळं असलेलं जाकीट मिळतं, महाग पडतं, आणि एल-वनच्या, म्हणजे सर्वांत स्वस्त कोटेशनच्या, यादीत ते कधीच वर येत नाही, हेही सांगून ठेवतो.

तेव्हा येत्या एप्रिलमध्ये तुमच्या टेबलावर जाकिटाचं कोटेशन सहीला आलं, तर आणणाऱ्याला बसवू नका. उभा ठेवा. त्याच्या डोक्यावर हेल्मेट, अंगात त्याचंच जाकीट, टोपी वर. मागून हाक मारा. ऐकू येते का बघा. मान वळवायला सांगा. काय दिसतं ते विचारा. मग अंगणात नेऊन वरून एक बादली पाणी ओता आणि खिशातली त्याची कागदपत्रं बाहेर काढा. त्यातलं कोटेशन अजून वाचता येत असेल, तर त्यावर खुशाल सही करा.